बाजूच्या दारातला भाडेकरू

सुरुवात अगदी साध्या कामाने झाली. आमच्या गावात औषधांच्या दुकानात फोटो छापायचं यंत्र आहे. तिथे मी एका स्वयंपाकघराचा फोटो छापायला गेले होते. जानेवारीची दुपार होती, बाहेर उणे एकोणतीस अंश, आणि गाडीचं इंजिन मी चालूच ठेवलं होतं. काउंटरवरच्या मुलीने फोटो पाकिटात घालताना विचारलं, "तुमचं घर का? छान ऊन आलंय."

"घर पाडून एकवीस वर्षं झाली," मी म्हटलं. "आणि ते ऊन नाही, दिवा आहे."

ती हसली. मला हसू आलं नाही. त्या स्वयंपाकघराचा तो अकरावा फोटो होता आणि आई त्यातही खोट काढणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. तिला पॉपलर निवास या वृद्धाश्रमात ठेवून तेव्हा दीड वर्ष झालं होतं. दिवसभर ती शहाण्यासारखी असायची. लोकरीचे गुंडे करायची, बीटचं सूप प्यायची आणि त्याला नावं ठेवायची. दुपारचे चार वाजले, खिडकीतला उजेड कलला, की उठायची. "घरी जाते. दाराचं बघायचं राहिलंय." आणि खरोखरच निघायची. डिसेंबरात दोनदा ती बर्फात सापडली, अंगात गाऊन, पायात घरातल्या सपाता. दुसऱ्या वेळी डाव्या हाताची दोन बोटं थोडक्यात वाचली. व्यवस्थापकबाईंनी मला बसवून घेतलं आणि सांगितलं, की तिसऱ्यांदा असं झालं तर आईला शहरातल्या कुलूपबंद विभागात हलवावं लागेल. शहर आमच्यापासून दोनशे दहा किलोमीटर. हिवाळ्यात त्या रस्त्याने मी महिन्यातून एकदा पोचले असते तर नशीब. आई तिथे अनोळखी माणसांत संपली असती आणि मला फोनवर कळलं असतं.

संध्याकाळच्या पाळीची सेविका रोवेना फिलिपिन्सची. आईला ती लोला म्हणते, म्हणजे तिच्या भाषेत आजी. तिनेच सुचवलं. "लोलाला दार बघायचंय ना? मग दाखव की दार! एखादा फोटो नाही का?"

फोटो नव्हता. घराच्या आतले दोनच उरले होते आणि दोन्हीत कोणाच्या तरी वाढदिवसाची डोकी. पण खोली उभी करायला मला फोटो लागत नाही.

संगणकावर छोट्या माणसांचे संसार चालवायचा एक खेळ आहे. लोक त्यात लग्नं लावतात, पोरं वाढवतात. मी अकरा वर्षांत एकही लग्न लावलेलं नाही. मी खोल्या मांडते, दिवे लावते आणि त्यांचे फोटो घेते. आमच्यासारखे काहीशे लोक आहेत. आम्ही एकमेकांना पडदे दाखवतो आणि सावल्यांवरून भांडतो. हे कसब मला कोणी शिकवलं नाही. खेळातल्या सूर्यावर विश्वास ठेवायचा नाही, घड्याळ एका वेळेवर गोठवायचं, कॅमेऱ्याच्या बाजूची भिंत काढून टाकायची, एक दिवा फ्रिजच्या मागे गुडघ्याइतक्या उंचीवर लपवायचा, हे सगळं मी चुका करत शिकले आणि वहीत लिहून ठेवलं. प्रत्येक फोटोची नोंद असते: तारीख, खेळातली वेळ, दिवे किती, रंग कोणता, जोर किती, काय चुकलं.

आणखी एक गोष्ट आम्ही सगळेच करतो. घरात कोणी राहत असल्याशिवाय खेळ ते घर नीट उघडतच नाही. म्हणून आम्ही एक माणूस ठेवतो. चेहरा यंत्राने दिला तो, कपडे मिळतील ते. त्याला आम्ही भाडेकरू म्हणतो. फोटोत मध्येच येऊ नये म्हणून प्लॉटच्या कोपऱ्यात चार भिंतींचा, बिनदाराचा एक खोका बांधायचा आणि त्याला त्यात उभा करायचा. त्याची भूक, झोप, थंडी बंद करून टाकायची, की झालं. माझा भाडेकरू अकरा वर्षं एकच होता. मिशीवाला, तपकिरी कोटातला. त्याच्या तोंडाकडे मी कधी धड पाहिलंही नव्हतं.

तर, आईचं स्वयंपाकघर मी उभं केलं. खेळातल्या ज्या गल्लीत माझ्या आताच्या घराची नक्कल मी पूर्वी सरावासाठी बांधली होती, त्याच गल्लीत, चार प्लॉट सोडून.

पहिला फोटो पाहून आई म्हणाली, "हे कोणाचं घर?"

"आपलं, आई."

"आपल्याकडे एवढा उजेड कधी होता? दवाखाना वाटतोय मेला."

मी उजेड कमी केला. मग चूल डावीकडे हवी होती. मग पडद्याची झालर उलटी होती. मग दिव्याचा रंग.

"आपला दिवा पिवळा होता. जुन्या लोण्यासारखा."

मी पिवळा केला.

"हे लोणी? ही मोहरी आहे."

मी दोन अंश फिका केला.

"आता कोंबडीचं पिल्लू झालं. व्हेरा, तुला लोणी माहीत आहे का गं? की सगळं डब्यातलंच खातेस?"

रोवेना दारात उभी राहून तोंडावर हात ठेवून हसत होती. मी वहीत लिहिलं: रंग, चूक. सातव्यांदा.

"आणि टेबलाखाली सावली पडायची, ती कुठे गेली?" आईने विचारलं.

"खुर्चीची?"

"पायांची. बूट न काढताच बसायचा तो. सगळी फरशी ओली."

तो म्हणजे बाबा. मी नऊ वर्षांची असताना जानेवारीत एका रात्री ते गेले. सकाळी स्वयंपाकघराच्या बाजूच्या दाराबाहेर, पायरीशी सापडले. हृदय बंद पडलं, असं सगळे म्हणाले आणि मीही तेच म्हणत आले होते.

वैताग आला तरी मी थांबू शकत नव्हते, कारण उपाय लागू पडत होता. चार वाजता नवा फोटो हातात दिला, की आई चष्मा लावायची आणि त्यात खोट काढण्यात तिचा तासभर जायचा. अंधार पडला की जेवण यायचं आणि दिवस निभायचा. फोटोत बाजूचं दार असे, आतून कडी लावलेलं. त्या दाराकडे ती सगळ्यात जास्त वेळ बघायची. मला वाटायचं, कडी बघून तिचा जीव शांत होतो.

चौदाव्या फोटोत तिने दारावरच्या काचेवर बोट ठेवलं.

"हा बाहेर का उभा आहे?"

काचेत काळसर काहीतरी होतं. डोकं, खांदे. मी म्हटलं छपाईचा डाग असेल. घरी येऊन खेळ उघडला, तर भाडेकरू खोक्यात नव्हता. कुंपणापाशी उभा होता, घराकडे तोंड करून.

असं होतं कधीकधी. खेळ उघडताना माणसं इकडची तिकडे पडतात. मी त्याला उचलून खोक्यात ठेवला आणि भिंती आणखी उंच केल्या. दुसऱ्या दिवशी तो पायरीपाशी होता. नंतरच्या दिवशी दाराला नाक लावून. मी प्रत्येक वेळी जागा लिहून ठेवली.

दूर न्यू ब्रन्सविक प्रांतात नदीन नावाची माझी एक मैत्रीण आहे, अशीच खोल्या मांडणारी. तिला मी लिहिलं.

"अकरा वर्षं खोक्यात उभा आहे बिचारा," तिचं उत्तर आलं. "पाय दुखत असतील."

"माझे डोळे दुखताहेत, त्याचं काय?"

"मग काढून टाक आणि दुसरा ठेव. भाडेकरूला काय तोटा!"

मी काढून टाकला. दुसरा केला, टकला, दाढीवाला, लाल स्वेटरातला. सकाळी तोच तपकिरी कोट दारापाशी उभा. टकल्याचा पत्ता नाही. मला भीती वाटायला हवी होती हे आता कळतं. तेव्हा नुसता संताप येत होता. सोळावा, सतरावा, अठरावा फोटो त्याने काचेत उभं राहून नासवला. एका दुपारी मी फ्रिजमागचा दिवा सरकवत होते आणि संगणकातून दार वाजवल्याचा आवाज आला. ठक, ठक... मग थोडं थांबून पुन्हा ठक. त्या खेळातली माणसं वाजवतात तसा. मी आवाज कमी करायला हात पुढे केला आणि तसाच राहिला. माझ्या संगणकाचे स्पीकर कित्येक वर्षांपासून खणात पडलेले आहेत, वायर गुंडाळून.

मी खण उघडून पाहिला. होते तिथेच होते. वहीत लिहिलं: आवाज, कारण सापडलं नाही.

सहा फेब्रुवारीला आई पुन्हा निघाली. मी पोचायला वीस मिनिटं उशीर केला होता. रोवेनाने बाहेरच्या दाराच्या मुठीवरून तिचा हात सोडवून तिला परत आणलं आणि वर कळवलं नाही. मला मात्र तिने बाजूला घेतलं. "आज मी होते. उद्या माझी सुट्टी आहे, व्हेरा. दुसरी असती तर लिहून मोकळी झाली असती."

मी आईसमोर बसले. बाविसावा फोटो दिला. तिने तो उलटा करून मांडीवर ठेवला.

"कडी मी लावली होती," ती म्हणाली.

"कोणती कडी?"

"वरची. आतली. त्या रात्री." ती खिडकीकडे बघत होती. "त्याने तुझं ताट भिंतीवर फेकलं होतं. तू टेबलाखाली जाऊन बसलीस. मग तो गाडीतली दुसरी बाटली आणायला बाहेर गेला... आणि मी कडी लावली. म्हटलं, राहू दे जरा. शुद्धीवर येईल, हाक मारील. हाक मारली नाही गं त्याने. नुसतं वाजवत राहिला."

मला ते वाजणं आठवलं. नंतर वरच्या खोलीत गोधडीत पडून मी ठरवलं होतं, की तो फ्रिजचा आवाज आहे.

"मग मी बाहेरचा दिवा बंद केला," आई म्हणाली. "म्हटलं, अंधार झाला की जाईल शेजारी, बोहदानकडे. वाजवायचं थांबलं. मला वाटलं... गेला."

मी तिचा हात धरला.

"आणि तू रोज मला ती कडी दाखवतेस," ती एकदम तडकून म्हणाली. "लावलेली आहे, आई, बघ, लावलेली आहे! मला माहीत आहे लावलेली आहे ती! काढ ती कडी. बाहेरचा दिवा लाव. त्याला आत बसव आणि मग मला दाखव. मग मी कुठ्ठे जाणार नाही."

घरी आल्या आल्या मी कडी काढली, बाहेरचा दिवा लावला, दार सताड उघडलं. भाडेकरूला आत जायचा हुकूम दिला. तो उंबऱ्यापर्यंत आला, दोन्ही हात वर करून हलवले आणि मागे फिरला. वाट अडलेली असली की खेळातली माणसं असं करतात. वाटेत काही नव्हतं. मी पायपुसणं काढलं. खुर्च्या काढल्या. दार चौकटीसकट काढलं, मग अर्धी भिंत काढली. तो मोकळ्या जागेसमोर उभा राहून हातच हलवत होता. दोन तास! माझी पाठ मोडायची वेळ आली आणि याचं आपलं चालूच.

शेवटी मी वैतागून ते केलं जे आम्ही सगळे करतो. रिकाम्या प्लॉटवर माझी एक नमुन्याची खोली होती, त्याच स्वयंपाकघराची नक्कल, दिव्यांचे प्रयोग करायला बांधलेली. तिथे दार उघडं ठेवलं, भाडेकरूची नक्कल तयार केली, टेबलाशी बसवली, पुढ्यात सूप ठेवलं आणि फोटो घेतला. पाच मिनिटांचं काम. फोटोत चौकटीतलं तेवढंच दिसतं, बाकीचं विचारतो कोण? वहीत लिहिलं: तेवीस. रंग, चूक. आणि तो खरा भाडेकरू पाडलेल्या भिंतीसमोर तसाच ठेवून मी संगणक बंद केला.

दुसऱ्या दिवशी आईने तो फोटो खूप वेळ धरला. बोटाने त्या माणसाच्या कोटावरून हात फिरवल्यासारखं केलं.

"आला," ती म्हणाली. थोड्या वेळाने, "रंग अजून चुकलाय हं तुझा."

चार वाजून गेले, पाच वाजले. ती खुर्चीतून हलली नाही. सूप आलं, त्याला तिने नावं ठेवली. मी कोट घालत होते तेव्हा तिने माझी बाही ओढली.

"बरं केलंस घेतलंस त्याला आत. नाहीतर तुझ्याकडे आला असता. दुसरं कोण उरलंय त्याचं?"

मी घरी पोचले तेव्हा अंधार पडला होता. पहाटे नवा बर्फ पडला होता. मी गॅरेजमधून आत आले, सूप गरम करायला ठेवलं आणि पसारा आवरावा म्हणून खेळ उघडला. पाडलेल्या भिंतीसमोर भाडेकरू नव्हता. खोक्यात नव्हता. नमुन्याच्या खोलीत नक्कल बसलेली होती, ती तशीच. खेळात कोपऱ्यातल्या चेहऱ्यावर टिचकी मारली, की कॅमेरा त्या माणसापाशी जातो. मी टिचकी मारली. कॅमेरा छपरांवरून गेला, एक प्लॉट, दोन, तीन, चार... आणि माझ्या घराच्या त्या नकलेपाशी थांबला. तो बाजूच्या दाराशी उभा होता. माझ्याकडे पाठ करून. हात वर उचललेला.

त्याच वेळी स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर उजेड पडला.

माझ्या बाजूच्या दारावर हालचाल झाली की आपोआप लागणारा दिवा आहे. दोन मिनिटं जळतो आणि विझतो. हरणं येतात कधीकधी. मी खिडकीशी गेले. बर्फ पांढरा, सपाट, एक पाऊल उमटलेलं नाही. दिवा विझला. मी मनात आकडे मोजत उभी राहिले. पुन्हा लागला.

आणि मग दार वाजलं. जोरात नाही. हातमोज्यातला हात बधिर झाला की माणूस जसा वाजवील, तसं... ठक, ठक... आणि थोडं थांबून, ठक.

मी सांगते ते हसण्यावारी नेऊ नका. मला भीती वाटत होती. पण त्या भीतीच्याही वर वैताग होता. तेवीस फोटो, सव्वा महिना, बर्फात पडलेली आई, ती कडी, तो फ्रिजचा आवाज, आणि सत्तेचाळीस वर्षं कोणी काही बोललं नाही. मी कडी काढली. दार भिंतीवर आपटेल असं उघडलं आणि बाहेरच्या रिकाम्या बर्फाला ओरडून म्हणाले, "या! या एकदाचे आत! आणि बूट पुसा!"

बाहेर कोणी नव्हतं. थंडी आत आली. ती माझ्या बाजूने गेली, माणूस जाताना वारा लागतो तशी, आणि तिला ओल्या लोकरीचा वास होता. बूट पुसायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ मी दार धरून उभी राहिले. मग लावलं. बाहेरचा दिवा विझला. त्या संध्याकाळी तो पुन्हा लागला नाही.

आता एप्रिल संपत आला आहे. आई पॉपलर निवासातच आहे. चार वाजता ती लोकर गुंडाळते आणि रोवेनाला शिव्या देते. दाराकडे एकदाही गेलेली नाही. व्यवस्थापकबाई शहराचं नाव काढत नाहीत. भाडेकरू खेळात कुठेच नाही, यादीतही नाही. नदीन म्हणते, फाईल खराब झाली असणार. असेल.

राहता राहिला माझ्या स्वयंपाकघरातला दिवा. तिथे पांढऱ्या उजेडाची साधी नळी आहे. चार वाजून दहा मिनिटांनी ती पिवळी होते. मी दोनदा नळी बदलली. वायरमनने वायरी तपासल्या, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "रंग बदलायची सोयच नाही हो या दिव्यात." मग मी तेविसावा फोटो आणून त्या उजेडात धरला. आई बरोबर होती. माझा रंग सगळ्या तेवीस फोटोंत चुकलाच होता. वहीत मी नोंद केली: चोवीस. फोटो नाही. रंग जुन्या लोण्यासारखा. बरोबर.

टेबलाखाली सावली पडते. खुर्ची मी आत सरकवून ठेवते, तरी पडते. बूट पुसा म्हणून मी सांगितलं होतं, पण तेवढं काही त्याने ऐकलेलं नाही. साडेपाचपर्यंत फरशीवर पाणी साचतं, दोन तळव्यांएवढं. मग मी फडकं घेते आणि पुसते.